झुबकीचा सोलाणा

मांडी घालून बसा. बोट तोंडातून बाहेर. हं, आता सांगते.

बोरीच्या झाडावर एक खार राहायची. खार एवढीशी आणि शेपटी ही एवढी मोठी. म्हणून तिचं नाव झुबकी. एकदा झुबकीला शेतात हरभऱ्याचा घाटा सापडला. तिने तो दातांनी सोलला. आत निघाला कोवळा, हिरवागार सोलाणा. या थंडीतला तिचा पहिला सोलाणा. मग खावा की नाही लगेच? छे. बाईसाहेब फांदीवर बसून मिरवत राहिल्या.

बोरीखाली अनसाकाकूची चूल होती. आज होती भोगी. भोगीला थंडीत शेतात जे जे पिकतं, ते सगळं एका पातेल्यात जातं. काकूने फोडणी घातली. तडतड, तडतड. ठसका गेला वर आणि झुबकीला आली शिंक.

आक् छी!

सोलाणा पडला पातेल्यात. टुपुक.

झुबकी खाली आली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काकू, काकू, माझा सोलाणा दे."

"भाजी झाल्याशिवाय देणार नाही."

आणि भाजी कशी होणार? वांगी आली, पावटा आला, बोरंसुद्धा आली. गाजराचा पत्ताच नव्हता. काकूने पातेलं चुलीच्या कडेला सरकवलं आणि वर झाकण ठेवलं.

झुबकी गेली गाजराकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"गाजरा, गाजरा, बाहेर निघ.
भाजी होईना,
माझा सोलाणा मला मिळेना."

"माती भिजल्याशिवाय निघणार नाही."

झुबकीने त्याचे केस ओढून पाहिले. म्हणजे पाला हो. गाजर हललं नाही, झुबकीच मागे पडली. धप्प.

झुबकी गेली मातीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"माती, माती, जरा भीज.
गाजर निघेना,
भाजी होईना,
माझा सोलाणा मला मिळेना."

"पाणी आल्याशिवाय भिजणार नाही."

झुबकी गेली पाटातल्या पाण्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाण्या, पाण्या, धावत ये.
माती भिजेना,
गाजर निघेना,
भाजी होईना,
माझा सोलाणा मला मिळेना."

"काका उठल्याशिवाय येणार नाही."

पाण्यापुढे होता मातीचा अडसर. तो फुटायचा काकांच्याच फावड्याने. आणि धोंडूकाका कुठे? आमच्या काकूचे हे यजमान बांधावर आडवे, तोंडावर टोपी. घुर्र, घुर्र.

झुबकी गेली काकांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काका, काका, लवकर उठा.
पाणी येईना,
माती भिजेना,
गाजर निघेना,
भाजी होईना,
माझा सोलाणा मला मिळेना."

"भाकरी मिळाल्याशिवाय उठणार नाही," टोपी म्हणाली. म्हणजे काकाच.

आता भाकरी कुणाकडे? काकूकडे. झुबकी बिचारी दमली होती. तरी गेली. तुरु... तुरु...

"काकू, काकू, भाकरी दे.
काका उठेनात,
पाणी येईना,
माती भिजेना,
गाजर निघेना,
भाजी होईना,
माझा सोलाणा मला मिळेना."

"भाजी झाल्याशिवाय देणार नाही."

झुबकी मटकन खाली बसली. तिला रडूच आलं. काकूने मात्र बोटांवर मोजून पाहिलं. भाकरी नाही, म्हणून काका नाहीत. काका नाहीत, म्हणून पाणी नाही. पाणी नाही, म्हणून माती नाही, गाजर नाही, भाजी नाही. आणि भाजी नाही, म्हणून... काकूचं बोट हवेतच राहिलं. दुरडीत तिळाच्या भाकऱ्यांची ही चळत.

"अगंबाई," काकू म्हणाली, "म्हणजे मीच अडवून बसलेय की."

काकूने भाकरी दिली, वर लोण्याचा गोळा.
काका उठले. मचमच, मचमच.
फावडं मारलं. खच्च.
पाणी आलं. झुळुझुळु.
माती भिजली. पचपच.
गाजर निघालं. सुळ्ळकन.
भाजी झाली. रटरट, रटरट.

काकूने झाकण काढलं. बघते तर काय, आत सोलाणेच सोलाणे. काकूने स्वतःही मूठभर टाकले होते ना.

"यातला तुझा कुठला गं?"

"खाऊन सांगते," झुबकी म्हणाली.

काकूने वाटी भरून दिली. झुबकीने एक खाल्ला. हा नाही. दुसरा खाल्ला. हाही नाही. मग आणखी, मग आणखी. वाटीत उरला एकच. तोही खाल्ला आणि शेपटी फुलवली.

"हाच माझा."

"सापडला ना? मग पातेलं झाकते," काकू म्हणाली.

झुबकीने पटकन वाटी पुढे केली.

"थांब काकू. हासुद्धा नव्हता वाटतं."