उंबऱ्यावरचा हात

खडकवेल गावात शांतवनबुवा राहत असत. ख्रिस्ताचे कीर्तन करणारा असा साधुपुरुष आमच्या मंडळीला लाभला, हा अभिमान बुवा प्रभूपाशी गेल्यावरही तसूभर उणा झालेला नाही.

मंडळीत गुणाबाई नावाची विधवा होती. पोटासाठी तिने दारूची भट्टी लावली, आणि तिची दारू पिऊन शेजारच्या माणसाची दृष्टी गेली. तिने पाप कबूल केले, भट्टी फोडली, त्या आंधळ्याच्या घरी पाणी भरू लागली. तरी बुवांनीच तिला सांगितले, "बाई, देव पवित्र आहे. वर्षभर प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही, मंदिराच्या दाराबाहेर बसायचं."

तिने मान डोलावली. पण पुढच्या प्रभुभोजनाला लोक पाहतात तो काय! बुवाही भाकर न घेता तिच्या शेजारी बाहेर बसलेले!

मंडळीचे पुढारी अमोलिक पंच हसले. "काय बुवा, भट्टीवालीच्या पंगतीला?"

"शिक्षा मी दिली, पंच. तिनं एकटीनं का भोगावी?"

वर्ष सरले. गुणाबाई आत यायला निघाली, तसा पंचांनी दारात हात आडवा धरला. "मागं फिर! प्रभूच्या मेजाला विटाळ होईल. आज नाही, कधीच नाही."

"पंच, पवित्र देवाला विटाळ होत नसतो," बुवा म्हणाले. "तो शिवला की विटाळच जळून जातो."

"मग तुमच्या देवाला म्हणावं, हा हात हलवून दाखव!"

आणि पंचांचा हात खांद्यापासून लाकडासारखा ताठरला. खाली येईना, बाजूला होईना. त्यांना दरदरून घाम फुटला. "बुवा, सोडवा हो!"

"मी बांधला नाही, पंच. मी कसा सोडवू?"

वाकून त्या हाताखालून आत जाणे गुणाबाईला सोपे होते. ती गेली नाही. तिथेच गुडघे टेकून म्हणाली, "देवा, तू पवित्र आहेस. मी जन्मभर बाहेर बसेन, पण ह्यांचा हात सोड."

हात सैल होऊन खाली आला! पंच रडत तिच्या पायांशी वाकले.

"अगं बाई! दादा, माझ्या पाया काय पडता?" ती मागे सरली.

बुवा म्हणाले, "वाकायचं ते आत, पंच. चला, तिघंही जाऊ."

प्रभुभोजन देणाऱ्या पाळकांनी भाकर आधी गुणाबाईच्या हातावर ठेवली, मग बुवांच्या. अमोलिक पंच मात्र मेजापुढे टेकलेले कपाळ उचलायला तयार होईनात.