न वाजणारी यादी

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा एक तरुण शिष्य राहत होते, असे म्हणून मी ही गोष्ट सावकाश, शांत स्वरात सांगू शकलो असतो. तशीच सांगण्याची रीत आहे. परंतु ही गोष्ट कळल्यापासून माझे डोके तापलेले आहे आणि ते थंड होण्याची वाट पाहत बसलो तर सांगणे राहूनच जाईल. म्हणून रागातच सांगतो. अशा कथांत माणसांना नावे नसतात. मीही गुरुजींचे आणि शिष्याचे नाव सांगणार नाही. एका बाईंचे मात्र मुद्दाम सांगणार आहे, कारण ज्या दिवशी ते आठवायला हवे होते त्या दिवशी ते आठवले गेले नाही. त्या बाई म्हणजे द्वारकाबाई.

गुरुजी पौरोहित्य करीत. गावातली एकशे चाळीस घरे त्यांच्याकडे होती. पूजा, मुंजी, वास्तुशांती हे तर होतेच. पण खरी जबाबदारी होती ती घरोघरच्या गेलेल्या माणसांच्या श्राद्धतिथींची. आदल्या संध्याकाळी गुरुजी त्या घरी डोकावत, "उद्या तिथी आहे, बाराच्या सुमारास येतो," एवढे सांगत आणि पुढे निघत. चाळीस वर्षे हा क्रम चालला होता. सगळ्या तिथी एका जाड वहीत होत्या आणि प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरांत काहीबाही टिपलेले होते.

गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ती बारीक अक्षरे त्यांना दिसेनात. शस्त्रक्रियेसाठी लेकीच्या गावी जायचे ठरले, तेव्हा दोन महिने आधीच त्यांनी वही शिष्याच्या हाती दिली. "ही घरं आता तुझी. तुझ्या सोयीने कुठेही उतरवून घे. मी जाईपर्यंतच्या तिथी मी आठवणीने करतो."

शिष्य बुद्धिमान होता. पाठांतर पक्के, वाणी स्वच्छ. त्याने हे सर्व फोनवर घ्यायचे ठरवले, आणि त्यात काडीचेही गैर नव्हते. प्रश्न एवढाच होता की घ्यायचे कोणत्या अ‍ॅपमध्ये. इथून माझा राग सुरू होतो.

पहिले त्याने घेतले ते मित्राने सुचवले म्हणून. त्यात कामांना रंग देता येत. श्राद्धाला कोणता रंग द्यावा यावर त्याचे दोन दिवस गेले. मग कळले की दुसऱ्यात महिनाभराची कामे एका नजरेत दिसतात. तिसरे फोनवरचे संगणकावरही दाखवी, वास्तविक संगणक त्याच्याकडे नव्हता. चौथ्यात पंचांग होते, तिथी होत्या, म्हणजे त्याला हवे ते नेमके होते. पण त्याची अक्षरे त्याला जुनाट वाटली आणि मध्येच जाहिराती येत, म्हणून तेही त्याने तसेच सोडून दिले. पाचवे, सहावे... मला हे इतके तपशीलवार कसे माहीत, असे कुणी विचारील. माझ्याही फोनवर अशी चार आहेत, आणि एकाचेही मी नीट ऐकत नाही.

प्रत्येक वेळी जुन्यातली नावे नव्यात न्यायची. पहिल्या अ‍ॅपमध्ये त्याने तिथी लिहिली होती आणि शेजारी गेल्या वर्षीची इंग्रजी तारीख. वहीतल्या बारीक टिपांना जागा नव्हती, म्हणून त्या गाळल्या. तिसऱ्यातून पाचव्यात जाताना तिथीही गळाली आणि नुसती तारीख उरली, पुढे "दरवर्षी" असे लिहिलेली. आता, तिथी काही इंग्रजी तारखेला बांधलेली नसते. त्या वर्षी ती अकरा दिवस आधी येत होती. हे पुरोहिताच्या शिष्याला कळत नव्हते असे नाही. पंचांगावरच त्याचे पोट होते. "एकदा बसून सगळ्या तारखा बदलून टाकू," असे तो रोज म्हणे, आणि रोज त्याला आणखी एखादे अ‍ॅप सापडे. शेवटी सहावे त्याने कायमचे म्हणून निवडले, कारण पूजा सुरू झाली की ते बाहेरचे सगळे फोन आपोआप अडवी. ही सोय त्याला फार आवडली.

गुरुजी शस्त्रक्रियेला गेले. दुसऱ्याच दिवशी फाल्गुन वद्य षष्ठी उजाडली.

त्या दिवशी द्वारकाबाईंच्या यजमानांचे श्राद्ध होते. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. एकुलता एक मुलगा मालवाहू बोटीवर नोकरीला. वडील गेले तेव्हाही तो समुद्रावर होता. इतकी वर्षे श्राद्ध पुतण्याने केले. या खेपेला मुलाने वरिष्ठांच्या हातापाया पडून चार दिवसांची सुट्टी मिळवली होती. आदल्या संध्याकाळी कुणी सांगायला आले नाही, तेव्हा द्वारकाबाईंनी स्वतःची समजूत घातली की नवा माणूस आहे, सरळ उद्या येईल. पहाटे उठून त्यांनी सोवळ्यात स्वयंपाक केला. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळे सिद्ध झाले. मुलगा बारा वाजता पाटावर बसला.

शिष्य तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे एका नव्या घराची पूजा सांगत होता. पूजा, आरती, मग जेवण. द्वारकाबाईंनी त्याला अकरा वेळा फोन केला. एकही वाजला नाही. मुलगा त्याच्या घरी जाऊन आला, तर दाराला कुलूप. जेवण उरकून चारच्या पुढे त्याने खिशातून फोन काढला, ते अकरा फोन पाहिले आणि धावत सुटला. तो पोचला तेव्हा पाने उचललेली होती. मुलगा दारात उभा होता. "झालं आता," एवढेच म्हणाला.

आणि त्या संध्याकाळी घरी येऊन शिष्याने काय केले? फोन हाती घेतला आणि याहून चांगले सातवे अ‍ॅप शोधून उतरवले. एक माणूस उपाशीपोटी चार तास बापाच्या नावाने ताटकळत राहिला, आणि याला वाटले की दोष अ‍ॅपचा!

तिसऱ्या दिवशी गुरुजी परतले. डोळ्यांवर काळा चष्मा, लेकीने सोबत दिलेली औषधे. ते टेकतात न टेकतात तोच द्वारकाबाई आल्या. शिष्य ओसरीवर होता. एरवी त्याला अरेतुरे करणाऱ्या द्वारकाबाईंनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"गुरुजी, राग गेला असं सांगायला मी आले नाही. मी रागावलेय, आणि ते तुम्हाला कळावं म्हणून आलेय. चार वाजले. अन्न गार झालं. घरात कुणाच्या पोटात पाण्याचा थेंब नाही. शेवटी माझा मुलगा उठला, ओंजळीत तीळ घेतले, पाणी घेतलं. मंत्र कुठून येणार त्याला? 'बाबा, हे घ्या' म्हणाला आणि पाणी सोडलं. मग एवढा मोठा मुलगा, मुसमुसून रडला. काल सकाळी गेला तो. आता पुन्हा या तिथीला कधी घरी असेल ते देव जाणे."

गुरुजी उठले आणि त्यांनी हात जोडले. "वहिनी, घरं मी सोपवली होती. चूक माझी आहे."

"तुमची असेल तर तुमची," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला काय करायचंय वाटणी करून?" आणि त्या निघून गेल्या.

गुरुजींनी शिष्याला जवळ बोलावले. मग म्हणाले, "फोन आण. किती आहेत त्यात?"

"सात."

"सांग एकेकाचं."

शिष्य सांगू लागला. आधी चाचरत, मग हळूहळू त्याला रंग चढला. हे असे दाखवते, ते तसे सुचवते, सातवे तर तीन वेळा वाजते आणि तरी उत्तर दिले नाही तर पुन्हा वाजते. गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "यात न वाजणारं कुठलं?"

"एक आहे, फोनसोबतच आलेलं. नुसती यादी. लिहायचं, वाचायचं, अक्षरं मोठी करायची. बाकी त्यात काहीच नाही."

"ते ठेव. उरलेली सातही काढून टाक. माझ्यासमोर."

शिष्य चक्रावला. "गुरुजी, गजर चुकला म्हणून तर हे झालं, आणि तुम्ही गजरच नसलेलं निवडताय? त्यापेक्षा फोनच नको, मी वही वापरतो."

तेव्हा मात्र गुरुजी कडाडले. "वहीच्या आड लपू नकोस! त्या वहीत माझे डोळे गेले. फोनवर अक्षरं मोठी होतात, चांगली गोष्ट आहे, मलाही दिसतील. मी फोनवर रागावलेलो नाही, तुझ्यावर रागावलोय. परवा सकाळी पूजा सांगितलीस ना? संकल्प सोडलास?"

"सोडला."

"म्हण. जसा म्हणालास तसा म्हण."

शिष्याने डोळे मिटले आणि सवयीने म्हणू लागला. संवत्सर झाले, ऋतू झाला. "फाल्गुनमासे, कृष्णपक्षे, षष्ठ्यां तिथौ..." आणि तिथे त्याचा आवाज बंद पडला. त्याचा चेहरा उतरला.

"थांबलास का? त्या दिवशी नाही थांबलास," गुरुजी म्हणाले. "यजमानाच्या हातावर पाणी घालताना तू ही तिथी खणखणीत म्हणालास. सगळ्या घराने ऐकली, तुझ्या कानांनी नाही ऐकली. का? कारण आठवण ठेवायचं काम तू दुसऱ्याला देऊन टाकलं होतंस, आणि तो हाक मारील म्हणून मोकळा झाला होतास. गजर वाईट नाही. औषधाला लाव, चुलीवरच्या दुधाला लाव. पण कुणी हाक मारल्याशिवाय माणूस आठवायचाच नाही, ही सवय लागली की संपलं. ही यादी मुकी आहे. ती तुझ्याकडे येणार नाही, रोज सकाळी पंचांग पाहून तुलाच तिच्याकडे जावं लागेल आणि आज कुणाचा दिवस आहे हे तुलाच बघावं लागेल. एक दिवस गेला नाहीस तर काय होतं, ते आता तुला माहीत आहे. दोन महिने होते तुझ्याजवळ. त्यात किती घरांची पायरी चढलास?"

"एकाही नाही."

"द्वारकाबाईंच्या नावापुढे वहीत काय टिपलेलं होतं, आठवतं?"

शिष्याने नकारार्थी मान हलवली. गुरुजींनी त्यालाच वही आणून ते पान उघडायला लावले. तिथे लिहिले होते: मुलगा बोटीवर असतो, पुढच्या वर्षी स्वतः करायचे म्हणतो.

शिष्याने एकेक करून सातही अ‍ॅप काढून टाकली. मग तो उठला आणि द्वारकाबाईंकडे गेला. त्यांनी दार उघडले, पण आत बोलावले नाही.

"काकू, राहिलेलं श्राद्ध येत्या अमावास्येला करता येतं. शास्त्रात तशी सोय आहे. तुमचे पुतणे बसतील, मी सगळं यथासांग..."

"राहिलेलं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "काय राहिलंय? माझ्या मुलाने त्याच्या बापाला पाणी दिलं. ते पोचलं. आता तुम्ही येऊन पुन्हा करणार, म्हणजे माझ्या मुलाने केलं ते खोटं होतं? तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून मी माझ्या नवऱ्याचं श्राद्ध दोनदा घालायचं का हो?"

हे "तुम्ही" आणि हे "हो" त्याला चपराकीसारखे लागले. तो कसाबसा म्हणाला, "मग मी काय करू?"

"काही करू नका. या वर्षीचं तुमच्या हातून गेलं, ते गेलं. पुढच्या षष्ठीला या, बाराच्या आत. तोवर मी रागावलेलीच राहणार आहे."

आणि त्यांनी दार लावून घेतले.

शिष्याने परत येऊन सगळे जसेच्या तसे सांगितले. आपले काही समर्थन त्याने केले नाही. गुरुजी म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं," आणि त्याला समजावण्यासारखे आता काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी स्नान करून शिष्याने पंचांग पाहिले, ती साधी यादी उघडली आणि उद्याच्या तिथीखालची दोन नावे मोठ्याने वाचली. संध्याकाळी त्या दोन्ही घरी तो पायी जाऊन आला.

वाचकांनी आपापला फोन क्षणभर पालथा ठेवावा, आणि आज आपली वाट कोण पाहत आहे ते सांगून पाहावे.