फुटकी नानकटाई भट्टीची

एक होती बेकरी. बेकरीत होती भट्टी. भट्टीपाशी असायची खैरूनचाची. आणि भट्टीमागच्या बिळात राहायची चिचू चिचुंद्री.

चिचू एवढीशी. नाक लांब. डोळे बारीक. चालायची तुरुतुरु तुरुतुरु.

सणाचे दिवस आले, की घराघरांतून डबे यायचे. कुणाचा मैदा, कुणाचं तूप, कुणाची साखर. चाची पीठ मळायची. गोल गोल नानकटाई वळायची. भट्टीत भाजायची. ज्याची नानकटाई त्याच्या डब्यात भरायची.

एखादी नानकटाई फुटायची. कट.

ती डब्यात जायची नाही. चाची म्हणायची, "अख्खी घरची. फुटकी भट्टीची."

आणि फुटकी ठेवायची बिळापाशी, विटेवर. चिचूसाठी.

चिचू यायची तुरुतुरु. खायची कुडुम कुडुम. जायची तुरुतुरु. बोलायची काहीच नाही.

काल काय झालं?

काल विटेवर फुटकी नानकटाई होती. चिचूनं नाक मुरडलं.

"रोज फुटकीच. मला अख्खी हवी."

"अख्ख्या लोकांच्या गं बाई," चाची म्हणाली. "आपली ही."

"नको मला."

चिचूनं नानकटाई नाकानं ढकलली. ढुप्प. पडली राखेच्या ढिगात. राखेत गेली, दिसेनाशी झाली.

चाचीनं हात पुसले. आत गेली.

आज चिचू आली तुरुतुरु. वीट रिकामी.

चिचूनं वीट हुंगली. विटेला अजून तुपाचा वास होता. चिचूच्या पोटात कालपासून काही नव्हतं. पोट म्हणालं, कुर्रर्र.

"चाची, चाची, नानकटाई दे."

"कुठून देऊ?" चाची म्हणाली. "भट्टी गार आहे. लाकडं आहेत, पण पेटवायला काटक्या नाहीत. बाभळीनं काटकी टाकली, तर भट्टी पेटवीन."

दारात डबे घेऊन मुलं उभी होती. तीही वाट बघत होती.

चिचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बाभळीपाशी आली.

"बाभळी, बाभळी, काटकी टाक.
चाची भट्टी पेटवेना,
चिचूला नानकटाई मिळेना."

बाभूळ म्हणाली, सळसळ सळसळ, "कालची मिळाली होती ना?"

"ती फुटकी होती."

"फुटकी गोड नसते का?"

चिचूनं पायाकडे बघितलं.

बाभूळ म्हणाली, "काटकी वाळली आहे. पण वर अडकली आहे. कावळ्यानं फांदी हलवली, तर काटकी टाकीन."

चिचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. कावळ्यापाशी आली.

"कावळ्या, कावळ्या, फांदी हलव.
बाभूळ काटकी टाकेना,
चाची भट्टी पेटवेना,
चिचूला नानकटाई मिळेना."

कावळा म्हणाला, "काव. काय गं सोंडुले, काल नव्हती मिळाली?"

"मिळाली होती."

"मग?"

"मग काही नाही."

"मला मिळाली असती, तर मी फुटकीसुद्धा खाल्ली असती," कावळा म्हणाला. "उरलंसुरलं खातो मी. मजेत खातो."

चिचूनं पायानं माती उकरली.

कावळा म्हणाला, "माझा घसा सुकलाय. पंखात जोर नाही. मावशीनं पाणी ओतलं, तर फांदी हलवीन."

चिचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. शेजारच्या अंगणात आली. तिथं यमीमावशी होती. मावशीच्या कडेवर होतं बाळ. पक्ष्यांचं मातीचं भांडं होतं कोरडं.

"मावशी, मावशी, पाणी ओत.
कावळा फांदी हलवेना,
बाभूळ काटकी टाकेना,
चाची भट्टी पेटवेना,
चिचूला नानकटाई मिळेना."

मावशी म्हणाली, "अगं, पाणी ओतू कोणत्या हातानं? एका हातात बाळ. दुसऱ्या हातात बाळाचा खुळखुळा. तरी हा ऐकतोय का बघ. बाळ हसलं, तर पाणी ओतीन."

बाळ रडत होतं. ट्यँहँ ट्यँहँ.

चिचू वर बघून म्हणाली,

"बाळा, बाळा, हस ना रे.
मावशी पाणी ओतेना,
कावळा फांदी हलवेना,
बाभूळ काटकी टाकेना,
चाची भट्टी पेटवेना,
चिचूला नानकटाई मिळेना."

बाळानं अंगणाकडे बोट दाखवलं. "मुमा. मुमा."

"मुंग्या म्हणतोय तो," मावशी म्हणाली. "अंगणातनं मुंग्यांची रांग जाते, ती बघत बसतो. आज रांगच नाही. मुंग्यांनी रांग धरली, तर बाळ हसेल."

चिचू निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. वारुळापाशी आली. मुंग्या घोळका करून बसल्या होत्या.

"मुंग्यांनो, मुंग्यांनो, रांग धरा.
बाळ हसेना,
मावशी पाणी ओतेना,
कावळा फांदी हलवेना,
बाभूळ काटकी टाकेना,
चाची भट्टी पेटवेना,
चिचूला नानकटाई मिळेना."

मुंग्या म्हणाल्या, सुरसुर सुरसुर, "रांग धरून जायचं कुठं? गोड काही असलं, तर रांग धरू. आहे का तुझ्याकडे?"

"माझ्याकडे काही नाही."

"कालची नानकटाई होती ना? ती खाल्लीस?"

चिचूनं मान खाली घातली. लांब नाक जमिनीला टेकलं.

"नाही खाल्ली," चिचू हळूच म्हणाली. "मी ढकलून दिली."

मुंग्या रागावल्या नाहीत. सगळ्या एकदम उठल्या.

"कुठं? कुठं? कुठं?"

"राखेत."

मुंग्या पुन्हा बसल्या. "राखेत आम्ही नाही जात गं. राखेत पाय रुततात. तू काढ. तू काढलीस, तर रांग धरू."

चिचू निघाली. आता तुरुतुरु नाही. हळू. हळू. राखेच्या ढिगापाशी आली. एकटीच बसली. एकटीच म्हणाली,

"मुंग्या रांग धरेनात,
बाळ हसेना,
मावशी पाणी ओतेना,
कावळा फांदी हलवेना,
बाभूळ काटकी टाकेना,
चाची भट्टी पेटवेना,
चिचूला नानकटाई मिळेना.

काल मिळाली होती.
मीच ढकलली."

मग चिचूनं राख उकरली. खरखर खरखर. राख नाकात गेली. आक्छी. राख डोळ्यांत गेली. फू फू. चिचू अख्खी राखाडी झाली.

खाली, अगदी खाली, सापडली नानकटाई.

गोल. एका कडेला चीर. चिचूनं हुंगली. तूप होतं. वेलची होती. राख होती.

काल ही गरम होती. काल हिला राख नव्हती. काल ही चाचीनं हातानं ठेवली होती.

चिचूला रडू आलं.

पोट म्हणालं, कुर्रर्र. राख झटक आणि खा.

चिचूनं तोंड उघडलं.

तेवढ्यात लांबून आवाज आला. ट्यँहँ ट्यँहँ.

चिचूनं तोंड मिटलं. नानकटाई नाकानं ढकलली. काल राखेत ढकलली होती. आज राखेतून बाहेर ढकलली. ढकलत ढकलत अंगणात आणली. बाळाच्या समोर ठेवली.

"मुंग्यांनो, मुंग्यांनो, ही घ्या. फुटकी आहे. पण छान आहे."

सुरसुर सुरसुर. मुंग्यांनी रांग धरली. एकीमागं एक, एकीमागं एक. प्रत्येकीच्या डोक्यावर नानकटाईचा कण.

मुंग्यांनी रांग धरली,
बाळ हसलं, खुदुखुदु.
बाळ हसलं,
मावशीनं पाणी ओतलं, गळगळ गळगळ.
मावशीनं पाणी ओतलं,
कावळा प्याला, कावळ्यानं फांदी हलवली, गदगद गदगद.
कावळ्यानं फांदी हलवली,
बाभळीनं काटकी टाकली, टप टप टप.

चिचूनं काटकी तोंडात धरली. काटकी लांब, चिचू एवढीशी. ओढत ओढत भट्टीपाशी आणली.

"काय गं हा अवतार," चाची म्हणाली. "कुठं लोळून आलीस?"

चिचूच्या तोंडात काटकी होती. ती बोलणार कशी?

चाचीनं भट्टी पेटवली. धडधड धडधड.

पहिला ट्रे बाहेर आला. सगळ्या नानकटाया अख्ख्या. डब्यात गेल्या.

दुसरा ट्रे बाहेर आला. सगळ्या अख्ख्या. डब्यात गेल्या.

मुलं डबे घेऊन घरी निघाली. चिचू विटेपाशी बसून राहिली. आता मागितली नाही. कुरकुरली नाही. नुसती बसली.

शेवटचा ट्रे बाहेर आला. अख्खी. अख्खी. अख्खी.

आणि कोपऱ्यात, कट.

चाची हसली. "अख्खी घरची. फुटकी भट्टीची." फुटकी नानकटाई उचलली. विटेवर ठेवली.

गरम होती. वाफ येत होती. चिचूनं लगेच खाल्ली नाही. आधी वर बघितलं.

"चाची," चिचू म्हणाली.

"काय गं?"

"कालची पण छान होती."

चाची थांबली. "तू कुठं खाल्लीस कालची?"

"नाही खाल्ली," चिचू म्हणाली. "खायला हवी होती."

चाचीनं एक बोट पुढं केलं. चिचूच्या नाकावरची राख पुसली.

"आजची खा," चाची म्हणाली. "गार होईल."

मग चिचूनं खाल्ली. कुडुम कुडुम. हळू हळू. एक छोटा तुकडा विटेवर ठेवला, मुंग्यांसाठी.

नानकटाई चिचूची, कण मुंग्यांचे,
आणि गोष्ट तुमची. पुसा तोंड, झोपा आता.