गुरुजींनी काढलेले डोळे

एका संस्थानच्या गावात विसाजीपंत नावाचे चित्रकलेचे गुरुजी होते. माणूस मोठा गुणी, पण हात भारी शिवशिवणारे! पोरांनी माणसाचं चित्र काढलं, की त्यातले डोळे मात्र गुरुजीच काढायचे. पोरगं डोळ्यांपाशी जरा अडखळलं, की यांचा जीव खालीवर. "सरक बाजूला! सगळ्या चित्राचा सत्यानाश करशील," असं म्हणून कुंचला हिसकावून घ्यायचे. दोन फटकाऱ्यांत बुबुळ असं पाणीदार उतरायचं, की बघत राहावं. पोरं खूश, गुरुजीही खूश.

वर्षांमागून वर्षं गेली. पोरांची नावं झाली. भानुदास नावाचा शिष्य तर दरबारचा चित्रकार झाला. तरी चित्र पुरं होत आलं, की स्वारी मागच्या दाराने गुरुजींकडे हजर! गुरुजी मुकाट्याने डोळे काढून देत. या नादात स्वतःचं एकही चित्र त्यांच्या हातून झालं नाही.

नोकरी संपली, तेव्हा कुठे त्यांनी आपल्या वारलेल्या बायकोचं चित्र काढायला घेतलं. त्यात सगळा जीव ओतला. निदान एक चित्र आपल्या नावाने महालात लागावं, एवढीच त्यांची आस होती.

गुरुजी चित्र घेऊन दरबारात गेले. राजाने ते पाहिलं आणि तो हसला. "गुरुजी, हे डोळे तर आमच्या भानुदासाचे! या वयात शिष्याची नक्कल करता?"

गुरुजींनी भानुदासाकडे पाहिलं. त्याने एक शब्द खरा बोलायचा होता, बस्स. भानुदासाने घसा खाकरला. "जाऊ द्या, महाराज. म्हातारं माणूस आहे, शिकेल हळूहळू."

सगळा दरबार खो खो हसला. बिचाऱ्या गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. "महाराज, हे डोळे माझे आहेत हो," ते म्हणाले. पण त्या हशात ऐकतो कोण? शिपायाने चित्र त्यांच्या हातात परत ठेवलं.

देवडीवर भानुदासाने त्यांना गाठलं. "रागावू नका, गुरुजी. पोटासाठी बोलावं लागतं. बरं, युवराजांचं चित्र तयार आहे. डोळे तेवढे आज..."

काय म्हणावं या निर्लज्जपणाला! गुरुजींनी बायकोचं चित्र छातीशी धरलं. "तुझे डोळे आता तूच काढ, बाबा," एवढं बोलून ते चालू लागले.

भानुदासाला डोळे कधीच जमले नाहीत. पण गुरुजींचं चित्रही महालात कधी लागलं नाही.

तात्पर्य: शिष्याला चुकू द्यावं. त्याचं काम जो स्वतःच करून देतो, त्याचा शिष्य तर घडत नाहीच, आणि त्याच्या स्वतःच्या हाताची ओळखही पुसली जाते.