राणीच्या मिटल्या डोळ्यांतला राजा

एका राज्यात अशी रीत होती की सकाळी आधी राजाच्या तसबिरीला मुजरा करायचा, मग राजाला. तिथला राजा धवलसेन एके दिवशी दरबारात एका मांत्रिकावर खेकसला, आणि मांत्रिकाने त्याचा धोंडा करून डोंगरावर टाकला. लगोलग राज्यातली तळी आटली.

राणी केतकावती डोंगरावर त्या धोंड्यापाशी गेली. तिथे साळुंकी पहाऱ्याला होती. ती म्हणाली, "राणी, डोळे मीट आणि मनात राजा उभा कर. तुला दिसेल तसा तो बाहेर येईल. खेपा तीन. तिसरी चुकली, तर तो कायमचा धोंडा."

"हे तर हातचा मळ!" राणी म्हणाली. तिने डोळे मिटले, आणि रोजच्या मुजऱ्याची तसबीर पुढे उभी राहिली. धोंडा उकलला. मुकुट, पीळदार मिशा, सगळे जागच्या जागी. राजा वळला मात्र, राणी किंचाळली. त्याला पाठच नव्हती! चितारी पाठ कशाला काढतोय? राजा पुन्हा धोंड्यात विरला.

दुसऱ्या खेपेस राणीने मनातल्या राजाला चहूबाजूंनी फिरवून पाहिले, अगदी टाचांपर्यंत. चेहरा मात्र आपल्या आवडीचा घेतला, लग्नातला. कोवळा तरुण बाहेर आला आणि तिचे पिकले केस पाहून नम्रपणे म्हणाला, "आईसाहेब, आपण कोण?" राणीला रडू फुटले. तोही विरला.

आता एकच खेप उरली. एक चित्र मघापासून मनाच्या दाराशी उभे होते, आणि राणी त्याला आत घेत नव्हती. शाप लागला त्या सकाळी राजाच्या हातून आमटी सांडली होती. "राज्य तर सोडाच, आपल्याला ताटही सांभाळता येत नाही," असे ती नोकरांदेखत बोलली होती. राजा उपाशीच दरबारात गेला, आणि तो राग मांत्रिकावर निघाला.

राणीने डोळे मिटले. आधी फक्त ताट दिसले. मग ते सारणारा हात. मग उतरता डावा खांदा, कानामागचे पांढरे केस, आणि शेवटी भरून आलेले डोळे. तिला बघवेना. तरी ती बघत राहिली.

धोंडा उकलला. विरळ केसांचा, पोक आलेला धवलसेन बाहेर आला.

"चारचौघांत असं बोलायचं, राणी?"

"चुकलेच माझे, महाराज. चला, जेवून घ्या."

शाप तुटला, तळी भरली. वाटभर राजा रुसून मागे मागे चालत होता. राणी मात्र वळून वळून ते फुगलेले तोंड पाहत होती, आणि तिचे मन काही भरत नव्हते.