पहिला हात कोणाचा

राजाचं नावसुद्धा लोक विसरून गेलेत, इतक्या जुन्या काळी एका राज्यात एक पाठशाळा होती. तिथे ग्रहतारे शिकवत नसत की औषधविद्या शिकवत नसत. माणसं एकमेकांबरोबर कशी राहतात, एवढंच शिकवत. तुम्ही म्हणाल, त्यात शिकायचं काय? शेजाऱ्याच्या दारात डोकावलं की झालं! पण ती मंडळी फार गंभीर होती. शिष्याने आधी जुने ग्रंथ वाचायचे, मग एखाद्या परक्या गावात जाऊन राहायचं, लोकांना प्रश्न विचारायचे आणि त्यावर प्रबंध रचून भरसभेत मांडायचा. सभेने मान डोलावली की अंगावर शाल पडे आणि शिष्याचा आचार्य होई.

या पाठशाळेत एक हुशार शिष्या होती. तिचे गुरू नेहमी सांगत, "जिथे माणसं तिथे उतरंड. कुणी वर, कुणी खाली. दिसत नसेल तर ती लपलेली असते, एवढंच. शोधून आण."

शिष्या शोधायला निघाली आणि समुद्रकाठच्या एका गावात येऊन राहिली. एका विधवा काकीने तिला ओसरीवर जागा दिली. गाव रापणीवर जगत होतं. रापण म्हणजे भलंमोठं जाळं. होडीने ते समुद्रात गोल टाकून यायचं आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावरून सगळ्या गावाने ओढायचे. जो येईल त्याने मिळेल तिथे दोर धरायचा. मासळी आली की वाळूवर सारखे वाटे पडत आणि ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा मिळे. काकीलाही मिळे.

शिष्या पाहत राहिली. दिवस गेले, ऋतू बदलला, पण उतरंड काही दिसेना. रिकाम्या हाताने परत गेलं तर बरोबरीचे शिष्य तोंड लपवून हसतील आणि गुरू म्हणतील, हिला बघताच येत नाही.

मग ती घरोघर जाऊन विचारू लागली, "दोराला पहिला हात कोणाचा?"

"जो आधी येईल त्याचा," लोक म्हणत.

"तरी पण मान कोणाचा? असेलच ना कुणाचा तरी!"

लोक एकमेकांकडे बघत. पाहुणी एवढी लांबून आलेली, तिला विन्मुख कसं पाठवायचं? एकजण म्हणाला, "होडी आमच्या आज्याने बांधली. तेव्हा आमचाच असेल बुवा." दुसरा म्हणाला, "जाळं आम्ही विणतो, मग मान होडीवाल्यांचा कसा?" काकीला विचारलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "आमचं काय गो बाय, आम्ही सगळ्यांच्या मागचे!" म्हणून ती खळखळून हसली. शिष्येने शब्द तेवढे लिहून घेतले. हसणं काही लिहिलं नाही.

एका सकाळी किनाऱ्यावर आरडाओरडा झाला. होडीवाला आणि जाळेवाला दोघेही एकाच दोराच्या टोकाशी उभे होते आणि कुणी मागे सरायला तयार नव्हतं. लोक भांडण सोडवायला धावले. शिष्या मात्र आनंदाने वाळूवर उडी मारायची तेवढी राहिली होती. सापडली उतरंड!

तिचा प्रबंध सभेत गाजला. होडीवाले वर, जाळेवाले त्यांच्याखाली, काकीसारखे सगळ्यांत तळाशी. गुरूंची छाती फुगली. आता एकच गोष्ट उरली होती. त्या पाठशाळेचा नियम असा होता की शाल अंगावर पडण्याआधी शिष्याने आपला प्रबंध त्या गावाला वाचून दाखवायचा आणि गाव काय म्हणालं ते सभेला येऊन सांगायचं. बहुतेकांना हा नुसता उपचार वाटे. शिष्येलाही वाटला.

ती गावात पोचली, तेव्हा किनाऱ्यावर दोन लहान जाळी वाळत होती. होडीवाल्यांचं वेगळं, जाळेवाल्यांचं वेगळं. मोठी रापण छपराखाली पडून होती, कारण ती ओढायला सगळं गाव लागतं. मासळी उतरली. मोठे मासे पुढच्यांनी उचलले. काकी शेवटी उभी होती आणि तिच्या टोपलीत मूठभर बारकी मासळी पडली.

शिष्येने ते सगळं पाहिलं. तरी तिने प्रबंध वाचला. वाचताना तिला वाटत होतं, कुणीतरी उठेल आणि म्हणेल, हे खोटं आहे. पण सगळे माना डोलावत होते.

"शब्द न् शब्द खरा," होडीवाला म्हणाला.

काकीने जवळ येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं झालं गो बाय, तू विचारलंस. नाहीतर मला मेलीला कळलंच नसतं, आपली जागा कुठली ते. उगाच पुढे पुढे करत होते."

शिष्येला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. काकीने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने काकीचे हात धरले. "काकी, असं काही नव्हतं हो! तुम्ही हसून म्हणाला होतात. हे मी आणलं, मी!"

"नव्हतं कसं?" काकी समजुतीने म्हणाली. "आम्हाला दिसत नव्हतं, एवढंच. तू शिकलेली. तुझ्या ग्रंथात आहे ना!"

घरोघर जाऊन तिने हेच सांगितलं. घरोघर तिला हेच उत्तर मिळालं.

ती सभेत परतली. शाल घडी मोडून तयार होती. गुरूंनी हसत विचारलं, "गाव काय म्हणालं?"

एका वाक्याचं काम होतं. गाव म्हणालं, खरं आहे. हे वाक्य खोटंही नव्हतं. ते ओठांवर आलंच होतं, पण टोपली पुढे धरून मागे उभी राहिलेली काकी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"गाव म्हणालं, सगळं खरं आहे," ती मान खाली घालून म्हणाली. "पण मी गेले तेव्हा ते खरं नव्हतं. उतरंड मला सापडली नाही. मला ती हवी होती, म्हणून मी विचारून विचारून ती उभी केली. आणि ते भांडले तेव्हा मला आनंद झाला."

गुरूंना तिच्याकडे बघवेना, कारण काय शोधून आणायचं ते त्यांनीच आधी सांगून ठेवलं होतं. कुणीतरी मुकाट्याने शाल उचलून आत नेली.

शिष्या आचार्य झाली नाही. ती त्या गावात जाऊन राहिली आणि रोज काकीशेजारी, सगळ्यांच्या मागे, लहान जाळ्याचा दोर धरू लागली. लोक तिला मानाने पुढे बोलावत, तेव्हा लाजेने तिचे कान तापत. मोठी रापण काही पुन्हा पाण्यात गेली नाही. काही वर्षांनी ती छपराखालीच कुजली.

लहानथोरांनी यातून घ्यायचं ते एवढंच: आपल्याला उत्तर हवं म्हणून लोकांच्या मनात नसलेला भेद पेरू नये, तो उगवला की पेरणाऱ्यालाही उपटता येत नाही.