पद्मरेखा आणि वय चोरणारी अंगठी

डोंगरांपलीकडच्या एका राज्यात मकरंदसेन नावाचा सत्तर वर्षांचा राजा होता. मुलगा आणि सून साथीच्या रोगात गेली; मागे राहिली दहा वर्षांची नात, पद्मरेखा. तिला घास भरवण्यापासून घोड्यावर बसवण्यापर्यंत सारे राजानेच केले.

एके दिवशी शिपायांनी यक्षाच्या गुहेतून लुटलेली पेटी दरबारात आणली. तिच्यातली निळ्या खड्याची अंगठी राजाने बोटात घातली, ती निघेना. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच राजा एक वर्षाने लहान झाला. तिसऱ्या दिवशी आणखी एका वर्षाने. दाढी काळी होऊ लागली. नगरात साखर वाटली गेली.

बाराव्या दिवशी राजा एकोणसाठ वर्षांचा झाला. त्या वयात त्याला नात नव्हती. त्याने पद्मरेखेला विचारले, "मुली, तू कोणाची?"

पद्मरेखा बागेत गेली. तिथल्या भारद्वाज पक्ष्याला साऱ्या शापांची माहिती होती.

"अंगठी गुहेतच सैल होते," पक्षी म्हणाला. "ती राजाने आपल्या हाताने परत ठेवावी. वाट बावन्न दिवसांची. दोघांनीच जावे. वाटेत दोन अडचणी आणि तिसरी गुहेत."

प्रधानाने समजावले तेव्हा राजा निघाला. निघाला तो प्रौढ, गुहेजवळ पोहोचला तो सात वर्षांचा. आपण कुठे चाललो हेही त्याला आठवेना.

"तू मला आजोबा का म्हणतेस?" त्याने विचारले.

"सवय आहे," पद्मरेखा म्हणाली.

पहिली अडचण तापलेल्या वाळूची. शापिताचे पाऊल टेकले तर त्याचीच वाळू होई. पद्मरेखेने त्याला पाठीवर घेतले आणि पलीकडे नेले. तिचे तळवे भाजले.

दुसरी अडचण राक्षसाची. तो मुलाला म्हणाला, "ही तुझी कोण? खोटे बोललास तर दोघांचा दगड करीन."

मुलगा म्हणाला, "ठाऊक नाही. पण हिने मला उचलून आणले."

राक्षस बाजूला झाला.

गुहेत अंगठी सैल झाली. मुलाने मूठ आवळली. "देणार नाही. माझी आहे."

पद्मरेखेला खोटे सांगता आले असते. ती त्याच्यासमोर बसली. "ठेवलीत तर तुम्ही म्हातारे व्हाल. दात पडतील. माणसे जातील, तुम्ही रडाल."

"मग कशाला ठेवू?"

"कारण तेव्हा मी असेन."

मुलाने मूठ उघडली आणि अंगठी दगडावर ठेवली. त्याच क्षणी सारी वर्षे परत आली. पांढऱ्या दाढीचा राजा जमिनीवर बसला होता. त्याने नातीचे पाय मांडीवर घेतले, फोड पाहिले आणि शेल्याची चिंधी फाडून ते बांधू लागला.

"लहानपणी एका मुलीने मला तापल्या वाळूतून पाठीवरून नेले होते," तो म्हणाला. "तिचे नाव विचारायचे राहिले."

"पद्मरेखा," ती म्हणाली.

राजाने मान हलवली आणि गाठ मारली.

राजा राजधानीत परतला. लुटलेली पेटी यक्षाला पोहोचती केली, गुहेची वाट बंद झाली, दरबार पुन्हा भरू लागला. पद्मरेखा मोठी होईपर्यंत राजाने राज्य केले, आणि मग तिने केले.